पन्नास फुटांवरचा गाळ

चिंचगाव, ता. मुखेड
गुरुवार, ३ मे १९८४

प्रिय गौराक्का,

हे पत्र शिवम्मा तुला वाचून दाखवत असेल. पोरी, मामाचं अक्षर वाईट आहे, सावकाश वाच. आई नको म्हणाली तरी शेवटापर्यंत वाच. अक्का, इथून मोठ्यानं हाक मारली तर तुमच्या कौठळीला ऐकू जाते, पण हे पाकीट मुखेड, उदगीर असं फिरून नदीपलीकडे यायला सहा दिवस घेईल. हाकेनं सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही बरे आहोत. नदी आटलीय, मधल्या डोहात जनावरांपुरतं पाणी आहे. तुझी लाह्या फोडायची कढई अजून आमच्याकडेच आहे. तुझी भावजय उमाबाई ती दर महिन्याला घासते आणि पुन्हा फळीवर ठेवते.

मागल्या पंचमीचं आधी बोलतो. आदल्या दिवशी, तुम्ही बहिणी भावासाठी उपवास धरता त्याच दिवशी पूर आला, तेव्हा मी आमच्या बांधावर उभा होतो. पलीकडे तुमची म्हैस दावणीलाच गेली, मागची भिंत बसली, तू शिवम्माला घेऊन देवळाच्या माळवदावर चढलीस, हे सगळं मी पाहिलं. दोन दिवसांनी लाह्यांचं गाठोडं घेऊन तुला न्यायला मुराळी म्हणून आलो. एसटीनं, पुलावरून. तू गाठोड्याकडं पाहिलं नाहीस, माझ्या पायांकडं पाहिलंस. म्हणालीस, "एवढ्या पाण्यातनं आलास, पाय कोरडेच कसे रे तुझे?" दाजी म्हणाले, "अगं, भाऊ हाय, पाणी तरी दे." तर तू म्हणालीस, "पाणी लई झालं." त्याला नऊ महिने होत आले. तेव्हापासून आपण बोललो नाही.

आमच्या काठावरचा बांध तोडा म्हणून दाजींनी केलेले अर्ज मला ठाऊक आहेत. तीन वर्षांपूर्वी तुमच्या अंगणात पाणी आलं तेव्हाचा अर्ज उस्मानाबादला गेला. मग लातूर जिल्हा नवा झाला आणि कागद तिकडं गेले. तिथं सांगितलं, नदीतला गाळ काढू, पण बांध पलीकडच्या काठावर, तो नांदेड जिल्ह्यात. मग आमच्या बाजूचे साहेब आले. त्यांनी बहात्तरची मोजमाप वही उघडली आणि म्हणाले, इथं बांध नाहीच, हा नैसर्गिक काठ आहे, आणि नैसर्गिक काठ तोडायला नियमात परवानगी नाही. साहेबांची जीप गेल्यावर शेजारचा व्यंकट म्हणाला, "सरकारच म्हणतंय बांध न्हाई, मंग आपन कशाला हाय म्हनायचं?" सगळे हसले. मी पण हसलो, अक्का.

वहीत काय लिहिलंय ते मला पाहायची गरज नव्हती. ते मीच लिहिलंय.

बहात्तरच्या दुष्काळात नदीतला गाळ उपसायचं काम निघालं, आणि सातवी पास म्हणून मला मुकादम केलं. नियम एकच होता. गाळ काठापासून पन्नास फूट लांब टाकायचा, म्हणजे पुराच्या वाटेत येणार नाही. तू पंचमीला माहेरी आली होतीस. सासरीही दाणा नव्हता, म्हणून तूही हजेरीवर नाव घातलंस. तुला सातवा महिना होता. त्या दिवशी भावाचा उपवास. दुपारी काठ चढताना तू टोपल्यासकट खाली बसलीस. मी म्हणालो, उपवास सोड. तू म्हणालीस, "भावाचा हाय. सोडून तुझं आयुष्य कमी करू का?" मग मी म्हणालो, "तर हितंच टाक. काठावरच. पुढं जाऊ नको."

तू टाकलंस. मागून साखराबाई ओरडली, "बहिनीला हितं, आन् आमाला पन्नास फूट व्हय रं, मुकादम?" तिचं बरोबर होतं. मग मी सगळ्यांनाच तिथं टाकायला सांगितलं. महिनाभर सगळ्यांनी तिथंच टाकलं. मोजायला आलेल्यांनी खड्डा मोजला, ढीग कुणी मोजला नाही. मी वहीत लिहिलं, 'गाळ काठापासून पन्नास फुटांवर टाकला', आणि खाली सही केली. पुढं ढिगावर बाभळी उगवल्या, गुरांनी वाट पाडली, आणि आम्ही त्यालाच काठ म्हणू लागलो. पूर्वी पुराचं पाणी दोन्हीकडं गुडघाभर पसरायचं आणि सकाळपर्यंत उतरायचं, आठवतं ना? आता आमच्या वाट्याचं पाणीही तुमच्याच घरात येतं.

गेल्या महिन्यात मी मुखेडला जाऊन लेखी दिलं की वहीतलं वाक्य खोटं आहे. येत्या १४ तारखेला, सोमवारी सकाळी दहाला, दोन्ही जिल्ह्यांचे साहेब बांधावर येणार आहेत. कुठं खणलं की गाळाखाली जुन्या काठाची काळी माती लागेल, ते मी दाखवणार आहे. व्यंकट पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "बहिनीपायी गाव बुडवून राहिला का रे?" मी म्हणालो, बुडणार नाही, गुडघ्याएवढं भिजेल, आधी भिजतच होतं की. बांधामागं पहिलं रान माझंच आहे, पहिलं पाणी तिथंच शिरेल. खोट्या नोंदीबद्दल माझं काय करायचं ते सरकार ठरवील. उमाबाईला विचारलं, तर ती पीठ मळता मळता म्हणाली, "अक्काला तोंड दाखवायचं हाय ना? मंग द्या जबाब. पानी आलं तर माळवदावर चूल मांडीन मी." तेव्हा आता मागं फिरायचं नाही.

एवढं सगळं आज का लिहिलं ते सांगतो. साहेब विचारतील, गाळ इथं पडायला सुरुवात कशी झाली. मी सांगणार, मुकादमानं सांगितलं म्हणून. पण साखराबाईही येणार आहे आणि तिला पोटात काही ठेवता येत नाही. पहिलं टोपलं कुणाचं, हे ती चारचौघांत बोलेल. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हैस, भिंत, सगळ्या कौठळीचं नुकसान तू अंगावर ओढून घेशील. घेऊ नकोस. टोपलं तुझं होतं, जागा मी दाखवली. आणि शिवम्मा, तूही ऐक. तेव्हा तू आईच्या पोटात होतीस. त्या दुपारी वाचवलेले ते पन्नास फूट मला आजही चूक वाटत नाहीत. पुढचा महिना चूक होता, आणि ती सही. अक्का, सोमवारी तुमच्या काठावर ये आणि देवळाच्या भिंतीवरची पाण्याची खूण साहेबांना दाखव. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण या पंचमीला मुराळी पुलावरून येणार नाही. पात्रात असेल तेवढ्या पाण्यातून चालत येईन. दारात उभी राहा आणि माझे पाय बघ.

तू ज्याच्यासाठी उपवास धरतेस, तो तुझाच
शिवमूर्ती