वऱ्हाडात खोट काढायला गेलो, त्याची हकीकत

मु. पुसेगाव, वैशाख, शके १८६०

तीर्थस्वरूप सोनाजी दाजी यांच्या पायावर धाकटा मेव्हणा संतराम याचं डोकं (पागोट्यासकट, पागोटं काढलं की अक्का माझं टक्कल बघून डोळ्याला पदर लावते). इकडं समदं बराबर आहे. तुमच्या गुडघ्याला एरंडेलाचा गुण आला का? बांड्या बैल लंगडायचा थांबला का? दोघांची तब्येत एका दमात विचारली म्हणून राग मानू नये. तुमी दोघं एकाच महिन्यात लंगडायला लागले, त्याला मी काय करू?

तर दाजी, वऱ्हाडातून जिता परत आलो. तुमी मला रिसोडकडं धाडलं ते पोरगा बघायला नव्हे, खोट काढायला, हे आपल्या दोघांतच राहू द्या. अक्का म्हणत होती स्थळ चांगलं आहे, अन् तुमी म्हणत होते की वऱ्हाडी म्हणजे उधळे, आळशी अन् तापट, सेनगावातून आजवर कुणी पैनगंगेपल्याड पोरगी दिली न्हाई अन् मीबी देणार न्हाई. संतराम, एक भक्कम खोट काढून आण, म्हणजे तुझ्या बहिणीचं तोंड बंद होईल. ही मसलत चालू असताना आपली सिंधू दाराआड उभी होती, हे तुमाला दिसलं न्हाई, मला दिसलं. मागच्या दोन स्थळांनी ‘पोरगी फार मोठ्यानं हसती’ म्हणून नकार कळवला, तेव्हापासून ती तोंडात पदर कोंबून हसती. खरं सांगतो, मामा म्हणून मला ते बघवत न्हाई. पण हुकूम तुमचा, म्हणून गेलो.

निघायच्या आधी आमच्या कारभारणीनं, शकुबाईनं, मला वऱ्हाडी लोकांची सगळी माहिती दिली. ती अशी की वऱ्हाडी माणसाच्या ताटात एक शीत टाकलं तरी तो अपमान समजतो अन् उभ्या उभ्या सोयरीक मोडतो. म्हणून ताट चाटूनपुसून ठेवायचं. दुसरं असं की हे इंग्रजी अमलातले, कापसाच्या व्यापारात वावरलेले लोक, घरातसुद्धा हिंदी बोलतात, तिथं आपलं ‘न्हाई-व्हय’ चालायचं न्हाई. (ही विद्या तिला तिच्या मामाकडून मिळाली. ते मामा एकदाच रिसोडच्या बाजारात गेले होते, बैलाचा सौदा फिसकटला म्हणून रागावून दुपारीच परत आले. पण तेवढ्या वेळात त्यांनी सगळं वऱ्हाड ओळखलं.)

गाडी दारात उभी राहिली अन् मुलाचे वडील उकंडजी पाटील बाहेर आले. नमस्कार न्हाई, रामराम न्हाई. कमरेत वाकून, कपाळाला हात लावून म्हणाले, ‘आइए जी, तशरीफ रखो.’ मी मनात म्हणालो, शकुबाई, तू खरी! मीबी वाकलो. ओसरीवर गालिचा हांतरलेला, वर लोड, पुढं अत्तरदाणी. अशा जागी मी जन्मात बसलो न्हाई. घसरू नये म्हणून एका हातानं लोडाला धरून बसलो. मग आमची हिंदी सुरू झाली. माझी हिंदी हिंगोलीच्या बाजारातली, मिरच्यांचा भाव विचारण्यापुरती. उकंडजींची कुठली होती ते देवाला ठाऊक. ते विचारत, ‘उधर पानी कैसा पड्या जी?’ मी म्हणे, ‘पानी बहुत पड्या, मगर तूर को अळी लग्या.’ पाऊस संपला, तूर संपली, बैलसुद्धा संपले. मग त्यांनी विचारलं, पोरगी कैसी है? आता आपल्या सिंधूचं कौतुक हिंदीत कसं करायचं? स्वैपाक आता, निंदणं-खुरपणं आता, इथपर्यंत गाडी कशीबशी हाकली, अन् जीभ घसरून बोलून गेलो की हसना बहुत आता. ते घाम पुसून राहिले, मी घाम पुसून राहिलो. मुलगा, म्हणजे गुणवंता, येऊन पाया पडला अन् खांबाला टेकून उभा राहिला. एक शब्द बोलला न्हाई. मला वाटलं, मुका आहे. दाजी, पाप लागंल, पण तुमच्यासाठी खोट सापडली म्हणून मला तेव्हा आनंद झाला.

मग जेवायला बसवलं. रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुचकळून; अन् वांग्याची भाजी अशी की वरचं तेल बाजूला सारल्याशिवाय वांगं दिसायचं न्हाई. शकुबाईचा धडा आठवून मी ताट साफ केलं. लगेच भरलं. पुन्हा साफ केलं, पुन्हा भरलं. ‘बस बस’ म्हणून हात आडवा धरला, तर हाताखालून वाढलं. मी नजर चुकवून धोतराची गाठ सैल केली. उकंडजी माझ्याकडं असे बघून राहिले, जणू मी त्यांचा कणगाच रिकामा करायला आलो. वाढणारी बाई आत जाऊन कुजबुजली, कणिक पुन्हा भिजवायचा आवाज आला, अन् मी समजलो की माझं मरण वऱ्हाडात आहे. शेवटी आणखी एक रोडगा ताटात पडला अन् माझ्या तोंडातून आपली बोली आपोआप सुटली, ‘अरे देवा, काहून मारून राहिले मला! आता जागा न्हाई!’

त्याबरोबर आतून हसू आलं. हसू म्हणजे असं, की आढ्यावरचे पारवे उडाले. दाजी, हातातला घास खाली ठेवून मी आपल्या सिंधूलाच शोधून राहिलो. तर आतून निघाली उकंडजींची आई, धुरपताबाई. कंबर वाकलेली, पण आवाज खणखणीत. म्हणाली, ‘आत्ता कसं मानसावानी बोलला! मघापासून दोघं कुन्या देशाची बोली बोलून राहिले रे? मले वाटलं, कोर्टाचा बेलीफ आला.’

मग सगळं उलगडलं. त्यांना गावातल्या कुण्या शहाण्यानं सांगितलं होतं की मोगलाईतला, म्हणजे आपल्या निजामाकडचा, माणूस उर्दूशिवाय बोलत न्हाई, गालिच्याशिवाय बसत न्हाई, अन् लाजरा इतका की ‘बस’ म्हणाला तरी खरं मानू नये, ताट रिकामं दिसलं की अर्धपोटी समजावं. पोट भरलं म्हणजे तो आपणच ताटात टाकतो. बिचाऱ्यांनी गालिचा अन् अत्तरदाणी गावभर फिरून मागून आणली. हिंदी घोकून घोकून उकंडजींचं डोकं उठलं होतं. अन् गुणवंता मुका न्हाई. त्याला हिंदी येत न्हाई म्हणून बापानं तोंड उघडू नको अशी तंबी दिली होती.

पण खरी गंमत पुढंच आहे. धुरपताबाईचं माहेर आपल्याकडचं, पैनगंगेच्या अलीकडचं! लेकरू असताना लग्न होऊन गेली, ती तिथलीच झाली. मोगलाईतली माणसं कशी असतात हे विचारत घरदार गावभर हिंडलं, अन् चुलीपुढं बसलेल्या मोगलाईतल्या बाईला कुणी विचारलं न्हाई. तिनं हे बोलून दाखवलं तेव्हा उकंडजी डोकं खाजवून म्हणाले, ‘तू कुठं मोगलाईतली राह्यली माय? तू तं आमची हायस.’ म्हातारी हसली. मग हसता हसता डोळे पुसायला लागली. भाऊ गेल्यापासून नदीच्या या अंगानं तिच्याकडं कुणी आलं न्हाई, म्हणाली. माझ्यापुढं बसून हे हाय का, ते हाय का, विचारत राहिली. आधी सगळं ‘मले-तुले’ चालू होतं, अन् बोलता बोलता ‘व्हय’ अन् ‘न्हाई’ कधी आलं ते तिलाबी कळलं न्हाई. दाजी, मलाबी गहिवरून आलं. (पोटामुळं न्हाई. पोटामुळं नंतर आलं.)

आता तुमच्या खोटीचं. तेल जास्त खातात. पोरगा बोलायला कमी, पण निघताना माझी गाडी ओढ्याच्या वाळूत रुतली तेव्हा न बोलावता चाकाला भिडला. उकंडजींची हिंदी फार वाईट. यापलीकडं मला काही सापडलं न्हाई. तुमचं समाधान नसंल तर दुसरा माणूस धाडा, पण जेवणाचा पक्का बघून धाडा.

अक्काला माझा नमस्कार, सिंधूच्या पाठीवर हात, अन् बांड्याच्या पायाला शेक चालू ठेवा.

तुमचा,
संतराम

ता. क. सुपारी फोडून झाली, म्हणजे सोयरीक पक्की. वर लिहायचं राहून गेलं. तुमचा राग पोचेपर्यंत मी शेतात असंन.

आणखी ता. क. ते लोक येत्या गुरुवारी रीतीपुरती पोरगी बघायला येऊन राहिले. गालिचा मागून आणू नका. तुमचा सलाम करायचा सराव चालू असंल तर थांबवा. अन् सिंधूच्या तोंडातला पदर काढायला सांगा. धुरपताबाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, पोरगी खरंच मोठ्यानं हसती का? मी भीत भीत व्हय म्हणालो. तर म्हणाली, बरं झालं बाबा, या घरात एकटीच हसून कंटाळले.

शेवटचं ता. क. धुरपताबाईचं माहेर सेनगाव. तुमच्याच गल्लीतलं. म्हणजे सेनगावातून एक पोरगी दिलेली होती, तुमीच विसरले. तुमाला तिनं कडेवर खेळवलंय. तिची गाडी सासरी निघाली तेव्हा तुमी मागं मागं रडत वेशीपर्यंत पळाले होते, हे तिनं सगळ्या घरादेखत सांगितलं. गुरुवारी तीबी गाडीत बसून येणार आहे. निरोप जसा दिला तसा लिहितो, माझ्यावर चिडू नये: ‘सोन्याला सांग, म्या येऊन राहिले. तिथंच वेशीपाशी उभा राहा म्हणावं. अन् नाक पुसून.’