पोरीची शिवलेली बोटं

२३ ऑक्टोबर १९९९, पेण (माहेर)

मुलगी! पावणेतीन किलो. नाक नितेशचं, आवाज सासूबाईंचा — देवा! उजव्या पायाची दोन बोटं निम्म्यापर्यंत जोडलेली. डॉक्टर म्हणाले, काही बिघडत नाही. पळेल, नाचेल.

२४ ऑक्टोबर

सासूबाई रोह्याहून आल्या. पाय बघितला नि झालं! "सांगत व्हते ना गो, ग्रहणात सुई धरू नको! शिवलीस ना पोरीची बोटं?"

ऑगस्टच्या ग्रहणात मी झबलं शिवलं, हे गावभर मीच सांगत सुटले होते. स्टाफरूममध्ये तर फारच. बारावीला प्राणिशास्त्र शिकवते ना मी!

नितेश धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आला. पोरीला पाहिलं. उचललं नाही. "ऐकलं असतंस तर..." एवढंच म्हणाला. फार लागलं.

२७ ऑक्टोबर

सासूबाईंचा तास घेतला. बोटं सुटी होतात दुसऱ्या महिन्यात, ग्रहण लागलं सातव्यात — सुई काय मागं जाऊन टोचली? "तुझं पुस्तक तुझ्यापाशी," म्हणाल्या, नि लाडू पुढे केला. लाडू मात्र फक्कड.

३० ऑक्टोबर

नितेश आला. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेनानं त्याला कोंबडीचा पाय काढून दाखवला, शेजारी बदकाचा. गर्भात दोघांच्याही बोटांमध्ये कातडी असते. कोंबडीत तिथल्या पेशींना निरोप जातो — मरा आता! बोटं सुटी होतात. बदकात कातडी राहते. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी कोंबडीच्या गर्भात तो निरोप अडवला, तर तिच्याही पायाला पडदा! म्हणजे नव्या पायाला नवी जनुकं लागतातच असं नाही. आहेत तीच कुठं चालू, कुठं बंद — एवढ्यानंही प्राण्याचं रूप पालटतं. आपल्या पोरीच्या दोन बोटांत निरोप नीट पोचला नसेल, बस.

"म्हणजे माझी पोरगी बदक?" म्हणाला नि चहा न घेता गेला. गाढव!

१ नोव्हेंबर

परवा बारसं. पाहुण्यांसमोरही त्यानं पोरीला घेतलं नाही तर? आज रडले. ग्रहणाला नव्हे, त्याला.

२ नोव्हेंबर

सांगून टाकलं नितेशला. ग्रहणात सुईला हातच लावला नव्हता मी. दार लावून, मूठसुद्धा न मिटता उताणी पडून होते — भीतीनं! झबलं दुसऱ्या दिवशी शिवलं.

पोरीजवळ बसला. मग म्हणाला, "मग आता दोष कुणाला द्यायचा गं?" नि पोरीला उचललं.