आई झोपल्यात

अहो आई, आज संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. वाण म्हणून स्टीलच्या डब्या दिल्या. तुम्ही असतात तर "वापरायच्या की फडताळात मिरवायच्या?" असं विचारलं असतंत, आणि मी, तुमची सून, चिडले असते.

ते एक हळदीकुंकू मात्र मनातून जात नाही. कुळगावहून येताना तुम्ही ह्यांच्या स्कूटरवरून पडलात. डोक्याचं ऑपरेशन झालं, परत बसवलेल्या हाडात पू झाला आणि डॉक्टरांनी ते काढूनच टाकलं. जंतू पुरते जाईपर्यंत हाडाच्या जागी धातूची पट्टी बसवता येणार नव्हती, म्हणून कितीतरी महिने तुमच्या कपाळाच्या डाव्या बाजूला खळगा होता. बसलात की खोल जाई, आडव्या झालात की भरून येई. मी तुम्हाला न्हाऊ घालायचे, पथ्याचं रांधायचे, फक्त तिकडे बघायचे नाही. त्यात अंबरनाथच्या नव्या सोसायटीतल्या बायका पहिल्यांदाच घरी येणार होत्या. "तुम्ही आतच बसा, गर्दीत धक्का लागेल," मी म्हणाले. धक्क्याची काळजी होती, नाही असं नाही. पण मला तुमची लाज वाटत होती.

शेजारची सिंधी भाभी दारातच विचारते, "मम्मीजी कहाँ हैं? पहला टीका तो बड़ों को लगता है ना?" मी म्हणते, "झोपल्यात." नेमक्या तेव्हाच स्वयंपाकघरात तुमच्या बांगड्या वाजतात. भाभी तिकडे बघते, मग चप्पल काढते. सगळ्या गेल्यावर उरलेला तिळगूळ डब्यात भरत तुम्ही म्हणालात, "मी निजलेय ना? मग हे कोण भरतंय, बघ जरा." वर हसलातसुद्धा.

पुढे टायटॅनियमची पट्टी बसली, कपाळ पहिल्यासारखं झालं. त्यानंतरच्या संक्रांतीला मी तुमची चांगली साडी काढून ठेवली, बोलवायला पुन्हा पुन्हा आत आले. "नको गं, मला आतच बरं पडतं," एवढंच म्हणालात. रागावला असतात तर पाया तरी पडले असते. मग दर वर्षी तुम्ही आतच बसलात.

अस्थींसोबत ह्यांनी ती पट्टीही राखेतून वेचून आणली होती, नदीत सोडायला. मी पुडी उघडून ती काढून घेतली. ह्यांना अजून माहीत नाही. आज बायका यायच्या आधी हॉलमध्ये पाटावर ठेवून पहिलं कुंकू तिला लावलं. भाभीला सगळं सांगायचं, असंही ठरवलं होतं. तेवढ्यात बेल वाजली, आणि मी तुम्हाला उचलून पुन्हा स्वयंपाकघरात ठेवून आले.