एका घरात तीन जमिनी

बाबा, आपल्या घरची फरशी बदलली. दादाच्या पोराचं लग्न आहे, पाहुणे घरीच उतरणार, म्हणून दादा पुण्याहून लांब सुट्टी काढून आला आणि आल्या दिवशीच म्हणाला, हे घर धर्मशाळेसारखं दिसून राहिलं. हॉलमध्ये मोझेक, स्वयंपाकघरात कोटा फरशी, मागे आईच्या खोलीत लाल सिमेंट. त्याला सगळीकडे एकच टाईल हवी होती, मोठी, पांढरी, चेहरा दिसेल अशी चकचकीत. मीही हो म्हणाले. इतकी वर्षं त्या डागाळलेल्या मोझेकवर फडकं मारून मलाही कंटाळा आला होता.

तुम्ही हे घर बांधलंत तेव्हा मी सातवीत होते. समता कॉलोनीत आजूबाजूच्या घरांतून मोझेक घासायच्या मशीनचा आवाज यायचा, सगळ्यांकडे आतून-बाहेरून एकसारखं, आणि आपल्याकडे मात्र मिस्त्री दर खोलीत वेगळाच माल घेऊन बसलेला. आई रुसली होती. संध्याकाळी तुम्ही सिलतऱ्याच्या कारखान्यातून ड्यूटी करून येता, अंगाला भट्टीचा वास, आणि मी आईची बाजू घेऊन विचारते, "बाबा, आपल्याच घरी काहून असं ठिगळ लावल्यावानी?" तुम्ही पाण्याचा पेला खाली ठेवता. "जमीन चालासाठी असते. पाहासाठी भिंतीवर आरसा हाय." इतक्या जोरात म्हणालात की आतल्या मिस्त्रीची थापी थांबली. नंतर त्या विषयावर घरात कुणी तोंड उघडलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा आई अजून स्वतः सुईत दोरा ओवत होती. पुढचं तुम्हाला माहीत नाही. तिच्या आईला होता तोच काचबिंदू तिलाही झाला आणि आम्हाला कळलं तोवर उशीर झाला होता. आता तिला फक्त खिडकीतला उजेड कळतो. पण घरात ती काठी घेत नाही. मी शाळेत शिकवायला जाते तेव्हा ती एकटीच असते, चहा करते, मागचं दार लावते, कपडे वाळत घालते. हे तिला कसं जमतं, असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मिस्त्री लोकांनी आधी हॉलचं मोझेक उखडलं आणि खाली सिमेंटचा थर देऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीसारखी खोलीतून बाहेर आली, चार पावलं चालली आणि थांबली. हात पुढे केले. पायाची बोटं जमिनीवर घासत राहिली. "पोरी," ती म्हणाली, "मी कुठं हाय?" तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी धावत जाऊन तिचा हात धरला. तेव्हा मला समजलं. मोझेक गार आणि गुळगुळीत लागलं की हॉल, कोट्याच्या सांध्यांचा खरखरीतपणा आला की स्वयंपाकघर, लाल सिमेंट लागलं की आपली खोली. तिचं सगळं घर तिच्या तळपायांत होतं.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, सवय होईल. त्याच दुपारी तो आम्हा दोघींना पंडरी बाजाराच्या पुढच्या टाईल्सच्या दुकानात घेऊन गेला. आईने चपला काढल्या. दादाने तिला त्या पांढऱ्या टाईलवर उभं केलं. तिचा पाय जरासा सरकला आणि तिने माझं मनगट घट्ट पकडलं. मी दुकानदाराला म्हणाले, "भैया, यह नहीं, कुछ खुरदुरा दिखाइए. और किचन और पीछे का कमरा हम नहीं तोड़ेंगे."

"दीदी, आजकल सब पूरे घर में एक ही लगाते हैं. घर बड़ा दिखता है."

"पाह्य," दादा मला म्हणाला. "तू काहून अडून राहिली? खरखरीत टाईलमध्ये मळ बसते. घर पुढच्या तीस वर्षांचा विचार करून करा लागते. आई आता अजून किती..."

दुकानदार खाली बघत कॅटलॉगची पानं उलटायला लागला.

"बोल ना," आई म्हणाली. "किती दिवस?"

दादाचा चेहरा उतरला. त्याला रडू येईल असं मला वाटलं, पण तो चिडला. "मी तसं म्हटलं नाही, आई."

"लाव तुले जे लावाचं ते. मी पलंगावर बसून राहीन." ती चपला शोधायला लागली. पायाने चाचपडत होती आणि चपला दुसऱ्याच बाजूला होत्या. मला ते बघवेना. मी बोलून गेले.

"बाबांनी तीन जमिनी मुद्दाम केल्या होत्या, दादा. आजीचे डोळे गेले तसे आईचेही जातील, ही भीती होती त्यांना. मले सांगितलं होतं त्यांनी."

दादा माझ्याकडे वळला. तुमचा शब्द त्याने तुमच्या हयातीत कधी मोडला नाही. "मले काहून नाही सांगितलं मग?"

तेवढ्यात आई म्हणाली, "हव. मलेही बोलले होते."

दादा तिथल्या एका खोक्यावर बसला. मग उठून त्याने आईच्या चपला तिच्या पायांसमोर ठेवल्या आणि दुकानदाराला मॅट टाईल काढायला सांगितलं, फक्त हॉलपुरती. स्वयंपाकघर आणि मागची खोली तशीच राहिली. आई नव्या हॉलमध्ये दोन दिवस माझा हात धरून चालली. तिसऱ्या दिवशी तिने हात सोडला.

हा कागद घडी करून ठेवला तरी जाणार कुठे? पण कुणाजवळ तरी बोलायला हवं होतं. तुम्ही मला असं काही म्हणाला नव्हतात, हे तुम्हाला आणि मलाच ठाऊक. आईला मी अजून विचारलेलं नाही, ती का हो म्हणाली. माझं खोटं सांभाळायला ती खोटं बोलली असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण ती खरं बोलली असेल, तुम्ही खरंच तिला सांगितलं असेल आणि विचारणाऱ्या मला मात्र रागावून गप्प केलं असेल, तर बाबा, या वयातही मला त्याचा राग येतो.