ला पाझमधली बटाटेवाली

प्रिय अपूर्वा,

पोचल्याचं फोनवर सांगितलंच, पण तेव्हा तू "पाणी प्यायलीस? दम लागतोय का? बरोबर कोण आहे गं?" असं विचारत सुटलीस आणि माझं सगळं सांगायचं राहून गेलं. म्हणून हॉस्टेलच्या जेवणाच्या टेबलाशी बसून हे हाताने लिहितेय. फोटो काढून पाठवीन. वाचताना तरी तुला मला मधेच तोडता येणार नाही. तुझा पाय मोडला म्हणून आपल्या दोघींची सहल मी एकटीने करतेय, तेव्हा निदान पाय उशीवर घे. आणि दर्शनामावशीने विणायची सुई दिली तरी प्लास्टरच्या आत घालून खाजवू नकोस.

बाई गं, काय शहर आहे हे! विमानतळ वर पठारावर आणि शहर खाली, कढईत ओतल्यासारखं. कडांवर पार वरपर्यंत विटांची घरं, आपल्या असल्फाच्या टेकडीसारखी, फक्त मागे बर्फाचा डोंगर. इथे लोक कामाला रोपवेने जातात. रायगडावर आपण बसलो होतो ना, तसल्या पाळण्यात, मांडीवर डबा घेऊन. माझ्या समोरची बाई तर बसल्या बसल्या झोपली होती. मी मात्र काचेला नाक लावून लोकांच्या गच्च्यांवर काय काय वाळत घातलंय ते बघत होते.

आणि रस्ता ओलांडून द्यायला इथे झेब्रा येतो. थट्टा नाही करत. झेब्र्याचा पोशाख घातलेली माणसं सिग्नलला उभी राहून गाड्या थांबवतात. एकाने माझा हात धरून मला नाचत पलीकडे नेलं. साकीनाक्याला कारखान्यात जाताना इतकी वर्षं मी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडला, तिथे असा एक झेब्रा हवा होता बघ.

पण खरी मजा बाजारात झाली. टॅक्सी हॉस्टेलच्या गल्लीत शिरेना, म्हणून काल तुझी ती अवजड सॅक पाठीला लावून चालत निघाले. तू शिकवलंस तसं हळूहळू चालत होते. तरी चढ असा की अर्ध्यात छातीचा भाता झाला, डोळ्यापुढे काजवे. एका बटाटेवालीच्या शेजारी पायरीवर बसलेच मी. ती माझ्याच वयाची असेल. घेरदार परकर, दोन लांब वेण्या आणि डोक्यावर एवढीशी गोल काळी हॅट, ती टिकते कशी देव जाणे. तिने माझी सॅक उतरवली, स्वतःच्या स्टुलावर मला बसवलं आणि थर्मासमधून कसल्याशा पानांचा गरम चहा दिला. कडवट होता, पण श्वास ताळ्यावर आला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "सोला?" मला वाटलं वय विचारतेय. म्हटलं, "सोला कुठली गं बाई, साठ!" आणि दोन्ही हातांची बोटं पुन्हा पुन्हा उघडून दाखवली. तिला काही कळलं नाही, पण दोघी पोट धरून हसलो. बासिलिया नाव तिचं.

मग मला "बस" अशी खूण करून ती थर्मास भरायला गेली आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक आलं. एक म्हातारेबुवा, हातात पिशवी. बटाटे म्हणशील तर काळे, गुलाबी, जांभळे, वाळवून सुरकुतलेले. एकाचंही नाव मला ठाऊक नाही. पण कारखान्याचं स्टोअर सांभाळलेली बाई मी, समोर आलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं मला जमतंय थोडंच? त्यांनी दाखवले ते तराजूत घातले, नाणी दिली ती डब्यात टाकली, वर आणखी दोन बटाटे पिशवीत टाकले, आपली भाजीवाली कोथिंबीर टाकते ना, तसे. वळून बघते तर बासिलिया मागेच उभी! म्हटलं, वाट लागली. तर ती टाळ्या वाजवत शेजारणीला ओरडून सांगतेय, "यापा! यापा!" वर फुकट घातलेल्याला इथे यापा म्हणतात. आज तिला बेसनाचे लाडू द्यायला गेले, तर तिने पुन्हा मलाच स्टुलावर बसवलं आणि स्वतः निवांत लाडू खात बसली.

सोला म्हणजे एकटी, हे नंतर हॉस्टेलच्या मालकिणीने सांगितलं. खूप हसले. तुझे बाबा गेल्यापासून एकटी कशी राहशील, एकटी कशी जाशील, हे इतक्यांदा ऐकलंय की शब्द कानावर पडला तरी अंग आखडतं. बासिलियाने विचारलं तेव्हा मला तो कळलाच नाही, आणि दिवस किती मजेत गेला.

आता हे सगळं का लिहिलं ते ऐक. मी निघायच्या आधी तू गॅलरीत त्या मैत्रिणीशी, नमिताशी फोनवर बोलत होतीस, ते मी आत कपड्यांच्या घड्या घालताना ऐकलं. अंदमानची ती प्रवाळांवरच्या कामाची नोकरी तू नाकारणार आहेस, कारण "आईला घाटकोपरला एकटीला टाकून कशी जाऊ?" तेव्हा मी नुसत्या घड्या घालत राहिले. खरं सांगू, मलाही भीती वाटत होती. पण इथे दम लागला, भाषेचं अक्षर येत नाही, तरी मी दुसरीच्या दुकानात बटाटे विकून आले. घाटकोपरला तर मला मराठी येतं! तेव्हा त्यांना आजच हो कळव आणि प्लास्टर निघालं की जा. माझ्या सोबतीला कोणी बाईबिई शोधू नकोस, मी तिला पळवून लावीन. तुझी आठवण येईल मला. खूप येईल. एखाद्या दिवशी ओट्यापाशी उभी राहून रडेनसुद्धा. ते माझं मी बघेन गो बाय. तू समुद्र बघ.

ला पाझहून, तुझीच,
आई