तिला काही लागत नाही

२ जुलै, बुधवार

"मन्हं व्हई गयं, तुम्ही बसा."

बेबीआत्या म्हणायची. कोरीटच्या घरी. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. अकरा माणसांच्या भाकरी थापून झाल्या की चुलीपुढून न उठता हे एकच वाक्य. तिचं कधी झालं, कुठे झालं, कुणी पाहिलं नाही. एका श्रावणात गेली. ताप आला होता, असं घरात सांगतात. नर्सिंग शिकताना एक दिवस वर्गात बसल्या बसल्या मला कळलं की ताप नव्हता. कुणाला बोलले नाही. वडिलांनाही नाही.

आज पस्तीस वर्षांनी तेच वाक्य पुन्हा ऐकलं, शुद्ध मराठीत. "माझं झालंय सिस्टर, तुम्ही बसा." समोर ताट जसंच्या तसं.

कृपाली. वय सतरा, बारावी सायन्स. तापीकाठच्या गुजरांच्या घरातली. केळी, ऊस, दोन ट्रॅक्टर. वर्गात चक्कर येऊन पडली. मेडिकल वॉर्डात जागा नाही, आणि "मोजून भरवणं तुम्हालाच येतं" म्हणून डॉ. मॅडमनी तिला आमच्या कोपऱ्यातल्या खोलीत पाठवलं. म्हणजे कुपोषित बाळांच्या वॉर्डात. वडील दारावरची पाटी वाचून उंबऱ्यातच थांबले.

"सिस्टर, आमना घरमा दाणा कमी शे का? पोरले आठे कसाले?"



३ जुलै, गुरुवार

मॅडम धुळ्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. आजाराचं नाव केसपेपरवर लिहिलं. आईला ते नाव नको आहे. "आजार नाही हो बेन, भूक मेलीय तिची."

दर दोन तासांनी थोडं थोडं. रक्त रोज. नाडी चार वेळा. फार दिवस रिकाम्या राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की हृदय दगा देतं, हे आम्हाला बाळांमुळे पाठ आहे. आईला कसं असणार? दुपारी ती तीन पुडांचा डबा घेऊन आली. तुपात न्हालेला शिरा, पुऱ्या, बासुंदी. मी डबा बाजूला ठेवला.

"उपाशी लेकराला खाऊ देत नाही, असा कसा दवाखाना तुमचा?"

स्वयंपाकघरातली मावशी तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. कारण शिरा बाजूला गेला तेव्हा कृ.चा चेहरा पाहिला. सुटल्यासारखा.

४ जुलै, शुक्रवार

नाडी चव्वेचाळीस. नखं निळसर. जुलैत स्वेटर. हातांवर बारीक लव, नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या पाठीवर असते तशी. रक्तदाबाचा पट्टा मोठ्यांचा बसेना, बाळांच्या पट्ट्यांतला सर्वांत मोठा लावला. त्यावर सशाचं चित्र आहे. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "हा मला शोभतो."

बोलते ते मात्र फक्त खाण्याबद्दल. शेजारच्या खाटेवर धडगावकडची पावरा आदिवासी गुलीबाई, तेरा महिन्यांच्या सुनिताला घेऊन. तिला मराठीचे शब्द दहा-बारा येतात, पण ती ते शंभर असल्यासारखे वापरते. कृ. तिला विचारत होती, तुमच्याकडे भाकरी कशाची, भाजीत काय घालता, तिखट केवढं. मग सुनिताला मांडीवर घेऊन चमच्याने भरवलं. एक थेंब सांडू दिला नाही. मोठ्या मायेने भरवते.

६ जुलै, रविवार

या रविवारी ड्यूटी माझीच. आजपासून त्यांच्याकडे मोळाकत. मुली पाच दिवस अळणी खातात, वाडग्यात गव्हाचे जवारे उगवतात. आई वाडगा घेऊनच आली होती.

"पाच वर्षं करून उजवायचं असतं बेन. हिने उजवून पण सोडलं नाही. वर सोमवार धरला. मग एकादशी. मग गुरुवार." दर वर्षी एक वाढत गेला. आई बोटांवर मोजत सांगत होती, आवाजात कौतुक होतं. "सगळी भावकी म्हणते, पोर असावी तर अशी. आमच्या कृपालीला ना, काही लागतच नाही."

कृ. खाली बघून ऐकत होती. शाळेत नाव पुकारल्यावर मुली उभ्या राहतात तशी ताठ बसून.

मॅडमनी सरळ नाही म्हणून सांगितलं. रक्तातले क्षार आधीच खाली आहेत. आई रडायला लागली. तेव्हा कृ.च म्हणाली, "आई, राहू दे. मी मीठ खाईन."

इतक्या सहज. मला बरं वाटलं. घरी येताना विसरवाडी फाट्यावर ट्रकांच्या रांगेत बस अडकली, तेव्हा कुठे वाटलं की हे फार सहज झालं.

८ जुलै, मंगळवार

माझ्या हातून चूक झाली. लिहून ठेवते.

आमच्या वॉर्डात मंगळवारी सगळ्यांची वजनं. बाळाचं वाढलं की मी मोठ्याने सांगते, आया टाळ्या वाजवतात. बारा वर्षं हेच चालत आलंय. आया त्या टाळ्यांसाठी जीव टाकतात. घरी कुणी कधी त्यांच्यासाठी टाळी वाजवलेली नसते.

आज कृ. काट्यावर उभी राहिली. चारशे ग्रॅम जास्त. माझ्या तोंडून गेलंच, "वाढलं! वाजवा टाळ्या!"

सगळ्या वाजवायला लागल्या. गुलीबाई सर्वांत जोरात.

कृ.चा चेहरा मेलेल्या माणसासारखा झाला. मग ती हसली. हसून सगळ्यांना हात जोडले. खाली उतरली आणि संध्याकाळपर्यंत खोलीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहिली. बस म्हटलं तर, "पाय मोकळे करते सिस्टर."

काय करून बसले मी

१० जुलै, गुरुवार

दोन दिवस ताट स्वच्छ. वाटीसुद्धा. मी विचारायच्या आत दाखवते.

सुनिताही झपाट्याने सावरतेय. गाल दिसायला लागले. गुलीबाई तिला उचलून सगळ्यांपुढे नाचवते, "जाडी! जाडी!"

मावशीची कटकट चालू आहे. स्वयंपाकघरातलं अर्ध्या किलोचं लोखंडी माप सापडत नाही. "दूध-साखर कशावर मोजू? खाल्लं का काय कुणी? या वॉर्डात काही सांगता येत नाही बाई."

सगळं चांगलं चाललंय. पण बेबीआत्याही शेवटच्या महिन्यात फार हसरी झाली होती.

११ जुलै, शुक्रवार

वजन आणखी वाढलं. यावेळी मी गप्प राहिले, पाठ फिरवून लिहिलं. मॅडम खूश. वडील आले होते, ते तर निघायच्याच गोष्टी करायला लागले. गावात विचारतात म्हणे, पोर कुपोषणवाल्यांत का ठेवली. "लोके तोंडवर हसतस, सिस्टर."

पण नाडी एक्केचाळीस. पाय बर्फ. पापण्या उचलायलाही तिला वेळ लागतोय. वजन वर चाललंय आणि बाकी सगळं खाली. बाळांत असं कधी पाहिलं नाही. काटा तपासून घेतला. काटा बरोबर आहे.

१२ जुलै, शनिवार

सकाळी उठल्या उठल्या, लघवीला जाऊन आल्यावर, दवाखान्याचा झगा घालायला लावून वजन केलं. तिने नको म्हटलं नाही. झगा बदलायला मात्र पडद्याआड गेली आणि येईना. मी आत गेले. कमरेला ओढणी घट्ट बांधलेली, ओढणीत लोखंडी माप.

गाठ सोडून माप मी बाजूला ठेवलं.

खरं वजन आली त्या दिवसापेक्षाही कमी.

"मग जेवण कुठे जातं?" मी विचारलं. उत्तर दाराकडून आलं. गुलीबाई उभी होती, सुनिता कडेवर.

"ताई देते. पोरीला. रोज." घाबरून सांगत होती. "तिला नको. हिला पाहिजे. मी चोरी नाय केली."

आणि कृ. शांतपणे म्हणाली, "सुनिताचं वाढलं ना, सिस्टर? मग वाया कुठे गेलं?"

बारा वर्षं ज्या काट्यासाठी राबले, तो एका खाटेवर वर जात होता आणि शेजारच्या खाटेवर

१३ जुलै, रविवार

सुट्टी होती, गेले. आता प्रत्येक जेवणाला मी समोर बसते. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रागवायचं नाही, वजनाचा आकडा तिला सांगायचा नाही, ताटाबद्दल बोलायचं नाही, दुसरं काहीही बोला. मी माझ्या शेळीबद्दल बोलले. शेळीने माझ्या युनिफॉर्मची ओढणी खाल्ली होती, तो किस्सा. तिला हसू आलं. खरं हसू, दात दिसले.

अर्धी वाटी खिचडी. पन्नास मिनिटं. घास गिळताना डोळे मिटते, कडू औषधासारखा.

शेवटी आपण होऊन बोलली. "तुम्ही टाळ्या वाजवल्या ना, त्याच दिवशी माप घेतलं मी." मग, "घरी सगळे म्हणतात, कृपालीला काही लागत नाही. मोठ्या ताईला सगळं लागायचं, तिच्यावरून भांडणं. मला नाही लागत म्हणून मी चांगली. मला लागायला लागलं तर मग मी कोण, सिस्टर?"

मी तिचा हात धरला. लव लागली हाताला. पाखराच्या अंगाला हात लावावा तसं, आणि आत काहीतरी फार सावकाश धडधडतंय.

बेबीआत्याला हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी तिच्या वाटणीची भाकरी खायची. ती म्हणायची "खा", मी खायची.

१५ जुलै, मंगळवार

सलग दोन दिवस थोडं थोडं गेलंय पोटात. रोज एखादाच घास जास्त. आता कुठे वाट दिसायला लागली होती.

वडिलांना मापाचं सांगावं लागलं. ते मॅडमवर नाही, माझ्यावर चिडले. "आमनी पोरले चोर म्हनतस तुम्ही?" आई मध्ये पडली, "बेन, ती असं करणारी नाही. तुमच्या पावरीणीनेच मागितलं असेल." गुलीबाईने ते ऐकलं. शब्द कळले नसतील, सूर कळला. सुनिताला उचलून व्हरांड्यात जाऊन बसली.

वडील परवा घेऊन जाणार. सुरतला दाखवू म्हणतात. आईच्या बोलण्यात सुरत नाहीच. तिच्या बोलण्यात चातुर्मास आहे, आजीने कृपालीच्या नावाने बोललेला, रोज एकदाच जेवायचा. पोर बरी व्हावी म्हणून.

म्हणजे ती बरी व्हावी म्हणून तीच उपाशी राहणार.

१६ जुलै, बुधवार

मॅडमनी वडिलांना बसवून स्पष्ट सांगितलं. या नाडीवर घरी नेली तर झोपेतच काही होऊ शकतं. त्यांनी ऐकलं. मान हलवली. मग स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याचा कागद मागितला.

मी व्हरांड्यात त्यांच्या मागे गेले. भाऊ, आणखी दोन आठवडे. फक्त दोन. मी रोज समोर बसेन, रविवारीसुद्धा.

ते वाईट माणूस नाहीत. खांबाला टेकून उभे होते, डोळे लाल. म्हणाले, "तिलेच ईचारा. ती सांगी, माले आठे ऱ्हानं शे, त ठेवसू. लोकेस्नं मी देखी लेसू. पन तिना तोंडथून आयकनं शे माले."

राहायचंय हे तिच्याच तोंडून ऐकायचं, असं म्हणताना आपण काय मागतोय हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, कळत नाही. या मुलीने आजवर वडिलांकडे काही मागितलेलं नाही. आई अभिमानाने सांगते, दिवाळीचा ड्रेससुद्धा आम्हीच निवडतो. मागणं म्हणजे लागणं. लागणं तर तिने सोडलंय.

दुपारी ताटाला हात लावला नाही. "उद्या घरी जायचंच आहे ना," म्हणाली.

१७ जुलै, गुरुवार

सकाळी नाडी अडतीस. दोनदा मोजली. तिसऱ्यांदा मोजायचा धीर झाला नाही.

वडील अकराला येणार. कागद फाइलवर ठेवलाय, सही तेवढी बाकी. आईचा सकाळीच निरोप आला, तिचा स्वेटर आणि पुस्तकं भरून ठेवा. मी स्वेटर अजून तिच्या अंगावरून काढलेला नाही.

मघाशी दारातून पाहिलं. खाटेवर ताठ बसलीय, वेणी घातलेली, हात मांडीवर. पाहुण्यांकडे जायला निघालेल्या मुलीसारखी. मी दिसले तर उठून मला बसायला जागा करून दिली.

आता साडेदहा. वही मिटून तिच्या खोलीत जाणार. ती काय करेल ते मला माहीत आहे. हसेल. "तुम्हाला कशाला त्रास सिस्टर," म्हणेल. माझाच हात थोपटेल. नाही म्हणायची तिची तीच रीत आहे.

तरी विचारणार. रस्ताभर, बसमध्ये, हातमोजे घालताना तेच जुळवत होते. जास्त बोलले तर ती निसटेल, म्हणून एवढंच:

कृपाली, बाबा आले की त्यांना म्हण, मला इथे राहायचंय. माझ्यासाठी म्हणू नको, आईसाठी म्हणू नको. तुला तसं वाटत नसलं तरी म्हण. एकदाच.