बंबखान्याला कुलूप

सोमवार, ६ जुलै २०२०

मला सांगतो! मला! म्हणे, "दोन्या ओर्फेलिना, यापुढे आगीच्या जागी किटली घेऊन यायचं नाही." भोंगा झाला की हा बंबवाल्यांचा कप्तान कार्कामो अजून बूट शोधत असतो, तेव्हा माझं पाणी उकळलेलं असतं. थंडीत भिजून, काकडून बाहेर येणाऱ्या बंबवाल्यांना मिळतं काय? पगार? पगार नाहीच त्यांना. उलट दर महिन्याला वर्गणी तेच भरतात — आग विझवू द्या म्हणून! मग घोटभर कढत येर्बाचा काढा तरी मिळायला नको? तो मी देते. आणि आता बंबखान्याच्या दारावर कागद. गर्दी नको, बघे नकोत, किटली नको. करोना आहे म्हणे.

वर माझी यास्नाही तिथंच ठेवून घेतलीय. पहाऱ्याची सहाही जणं बंबखान्यातच झोपतात, घरच्यांना बाधा नको म्हणून. तिच्या बापाच्या छातीत शिट्टी वाजते, खरंय. पण पोरगी माझी आहे, कार्कामोची नाही. आमचा हा जुलैचा हिवाळा सरला की तिला त्या बंबवाल्यांच्या कंपनीतून काढते. ठरलं.

बुधवार, ८ जुलै

आता बोलावलं तरी नाही जाणार. राहा म्हणावं काकडत.

शुक्रवार, १० जुलै

जेवताना भोंगा झाला. वरच्या आळीत नोल्बेर्तो बार्रियाचं घर. धुराडं पेटलं आणि तिथून छपराच्या फळ्यांनी पेट घेतला.

मी जागची हलले नाही. माझा नवरा एरिबेर्तो म्हणाला, "चल की गं म्हातारे."

"मला मनाई आहे. तुला जायचं तर तू जा."

तर गेला! किटली, येर्बाच्या पानांची पुडी, प्यायचा तुंबा — सगळं पोंचोखाली घेऊन. या वयात, त्या छातीनं.

परत आला तो चिंब, आणि पोरासारखा खूश. अर्धं छप्पर वाचलं म्हणाला. सगळी आळी धावली होती. आपल्याकडे घर पेटलं की आधी ते रिकामं करायचं, बाकी मग. गाद्या, खुर्च्या, पेटती चूलसुद्धा चौघांनी उचलून अंगणात आणली. खिडक्या चौकटीसकट काढल्या. नोल्बेर्तोला यास्नानं पाठुंगळी घेऊन बाहेर आणलं. खोकत होता. धूर गेला असेल.

मग बंबवाले खाली आले, टोप्या काढल्या, मास्क काढले, आणि यानं तुंबा फिरवला. एक तुंबा, एक नळी, सगळ्यांनी आळीपाळीनं तोंड लावायचं, नेहमीसारखं. यास्नानं दोनदा घेतला. कप्तान वर छपरावर होता, त्याच्या वाट्याला थेंब नाही.

"बरी जिरली," मी म्हटलं.

शनिवार, ११ जुलै

धूर नव्हता.

नोल्बेर्तोला तोच रोग. ताप केव्हाचा होता, टेस्टही देऊन आला होता, आणि घरात गुपचूप निजून! त्याची उबेर्लिंदा रस्त्यात उभी राहून रडते — "लोक काय म्हणतील म्हणून बोललो नाही हो." लोक! आता लोक काय म्हणतायत ते ऐक म्हणावं.

दवाखान्याची नर्स आली. ज्यांनी गाद्या उचलल्या ते आपापल्या घरात. नळीला तोंड लावलं ते सगळे बंबखान्यात, बाहेरून कुलूप. सहा बंबवाले आणि एरिबेर्तो. त्याची छाती सांगितली मी तिला. ती म्हणाली, "म्हणूनच डोळ्यांसमोर हवेत. रोज येईन मी."

उशी काखेत मारून गेला, लग्नाला निघाल्यासारखा. "म्हातारे, कोंबड्यांना विसरू नको." वरच्या खिडकीत यास्ना. "आई, बाबांकडे मी बघते." मी घरी येऊन कोंबड्यांना दाणे टाकले.

मी गेले असते तर थांबवलं असतं? थांबवते कसली. मीच फिरवला असता तुंबा.

रविवार, १२ जुलै

कप्तान फाटकाशी. मास्क लावून, टोपी हातात. बंब आहे, पाणी आहे, चढायला माणूस नाही. पलीकडच्या गावचा बंब या चिखलातून येईपर्यंत राख उरेल.

"दोन्या ओर्फेलिना, आता गावात आग लागायलाच नको."

"मग लागू देऊ नका."

"ते कसं?"

"धुराडी झाडा! सगळं गाव घरात कोंडलेलं, चूल दिवसरात्र पेटलेली, लाकूड ओलं. काजळी बोटभर चढलीय. पेटेल नाहीतर काय फुलं येतील?"

"झाडा म्हणून सांगितलं होतं मी. कोण ऐकतं?"

"तुम्ही छपरावर चढा. दारं मी ठोठावते."

"तुमचं ऐकतात?"

"न ऐकून जातात कुठं!"

मंगळवार, १४ जुलै

रीत अशी — घरच्यांनी परसात जायचं, खिडक्या सताड उघड्या. आदल्या रात्रीपासून चूल गार. कप्तान वरून दोरीला साखळी आणि काटेरी झुडूप बांधून सोडतो, मी खालून ओढते. पोत्यात काजळी भरायची आणि पुढचं घर. घरी आले तेव्हा कुत्रं माझ्यावरच भुंकलं.

एलेउतेरिओ म्हातारा दार उघडेना. "रोग आत आणाल!"

"काजळी बाहेर नेतेय की. फिट्टंफाट."

"माझ्या बापानं जन्मभर ओलं लाकूड जाळलं."

"आणि बापाचं घर कुठाय?"

जळालं होतं, सगळ्या गावाला ठाऊक. दार उघडलं. त्याची ओली लाकडं माझ्या पडवीत सुकायला टाकलीत आणि माझी सुकी त्याला दिलीत. वर म्हणतो, तुमची बारीक आहेत!

गुरुवार, १६ जुलै

कार्मेनच्या माउलीचा दिवस. मिरवणूक नाही. बटाट्याचे मिल्काओ तळले, बंबखान्याच्या खिडकीखाली गेले. वरून दोरीला टोपली आली, पाठवले. जरा वेळानं एरिबेर्तोचं डोकं बाहेर —

"मीठ कमी झालंय!"

मीठ कमी! म्हणजे चव लागतेय! नर्स म्हणाली होती, आधी चव जाते. मी पायरीवर बसले आणि हसत सुटले. संसारात याची खोड पहिल्यांदाच गोड लागली. रांडेच्या, उद्या मूठभर मीठ घालते.

शनिवार, १८ जुलै

वादळ. छपरं कडाकड वाजतायत. भोंगा गप्प. गप्पच राहू दे.

मंगळवार, २१ जुलै

कप्तानाचा पाय मुरगळला, आळीतली शेवटची चार घरं बाकी. वर कोण चढणार? मी.

खालून एलेउतेरिओ ओरडतोय, "दोन्या, खाली बघू नका!"

"तुम्ही वर बघू नका! झगा घातलाय मी!"

वरून सगळं गाव दिसत होतं, खाडीपर्यंत. एकेका घरातून बारीक पांढरा धूर, सरळ. काळा कुठंच नाही. थोडा वेळ तशीच बसले. कप्तान खालून, "काय झालं? अडकलात?" म्हटलं, बोलू नका जरा.

शुक्रवार, २४ जुलै

कुणाला नाही! सातांतल्या एकालाही नाही! नर्सकडून दोनदा वदवून घेतलं. नोल्बेर्तोही कास्त्रो शहराच्या इस्पितळातून सुटला, पाप्याचं पितर झालंय, पण चालत आला.

कप्तानानं कुलूप काढलं. आणि त्या गाढवांनी आनंदाच्या भरात काय करावं? भोंगा वाजवला! अर्धं गाव बादल्या घेऊन धावत आलं. उबेर्लिंदा सर्वांत पुढे. "कुठं? कुठं?" कुठं म्हणजे काय — कुठंच नाही! मग बादल्या खाली ठेवून सगळे रडायला लागले. मी एका पोराला कानफटात दिली, मग त्याचं तोंड कुरवाळलं. यास्नाला मिठी मारली. नर्स बघत होती. बघू दे.

शनिवार, २५ जुलै

शेजारी निजलाय. छातीत शिट्टी वाजतेय. वाजू दे. मी ऐकत पडलेय.

बुधवार, २९ जुलै

यास्ना दुपारी आली. चुलीशी बसली, हात शेकत. म्हणाली, त्या नर्सबाईनं सांगितलं म्हणून अर्ज केला होता. कास्त्रोला शिकायला घेतायत, रुग्णांचं काम. तिथंच राहायचं. कंपनीचा राजीनामा दिला.

"तुला हेच हवं होतं ना, आई?"

हो. हेच. आता भोंगा झाला की खिडकीशी उभं राहणं नको. दोन ताटल्या जेवले. एरिबेर्तो म्हणाला, "बऱ्याच दिवसांनी जेवलीस."

गुरुवार, ३० जुलै

झोप नाही. आता पहाऱ्याला बंबवाले पाचच उरले.

सकाळी कप्तानाच्या घरी गेले. म्हटलं, यास्नाची जागा मला द्या. वय बावन्न, शाळा तिसरीपर्यंत, छपरावर चढता येतं ते तुम्ही पाहिलंत. त्यानं आधी हसून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला. म्हणाला, कंपनीची रीत आहे, सगळ्यांनी पेटीत गोळे टाकायचे, पांढरा म्हणजे घ्या, काळा म्हणजे नको. या वयाच्या बाईसाठी कधी पेटी फिरली नाही.

"मग फिरवा. रविवारी, दोन तारखेला, जेवणाच्या आधी मला उत्तर हवं. हो की नाही?"